बँकेच्या नावाने आलेले पत्र



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे वित्तसंस्थांच्या नावाने येणारी बनावट पत्रे. पत्रे म्हणजे अर्थातच ई-मेल. बँक, विमा कंपनी किंवा आयकर खाते यांचे नाव, बोधचिन्ह आणि भाषा उसनी घेऊन ही पत्रे आपल्याकडे येतात व आपला परवलीचा शब्द, कार्डाचा क्रमांक किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी काढून घेऊ पाहतात. या प्रकाराला फिशिंग म्हणतात. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत हा शब्द रूढ झाला. त्याचा मूळ अर्थ गळ टाकून मासे धरणे असा आहे.

दुसऱ्याच्या नावाने असे पत्र पाठवता येते तरी कसे, हे प्रथम पाहू. आजही ई-मेलच्या देवघेवीला आधारभूत असलेली नियमावली १९८२ साली प्रसिद्ध झाली. त्या काळी ही सोय मोजक्या विद्यापीठांपुरती आणि संशोधनसंस्थांपुरती होती. त्यामुळे पत्र पाठवणारा खरोखर तोच आहे की नाही, हे पडताळण्याची तरतूद तीत केलेली नव्हती. टपालाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि पोस्टमनने ते निमूटपणे घरी आणून द्यावे, तसाच हा प्रकार होता. पुढे पडताळणीची साधने निघाली आणि आता पुष्कळशी बनावट पत्रे वाटेतच अडवली जातात. परंतु बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव भामट्याने रीतसर स्वतःसाठी नोंदवले, तर त्याचे पत्र या पडताळणीतूनही सुटते. कारण ते नाव खरोखरच त्याचे असते.

बनावट पत्र अशुद्ध भाषेवरून ओळखता येते, अशी एक समजूत आहे. पूर्वी ती बऱ्याच अंशी खरी होती. आता निर्दोष मजकूर तयार करून देणारी संगणकीय साधने कोणालाही उपलब्ध आहेत. तेव्हा शुद्धलेखन हा खरेपणाचा पुरावा मानता येणार नाही.

याहून खात्रीची खूण म्हणजे पत्ता. संकेतस्थळाचा पत्ता वाचताना पहिल्या तिरप्या रेषेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो शेवटाकडून मागे वाचत जावा. पाकिटावरच्या शेवटच्या ओळीत लखनौ असेल, तर वर ‘मुंबई भवन’ लिहिले आहे म्हणून पत्र मुंबईला जात नाही. येथेही तसेच आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव नाव जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी ते स्वीकारावे असे सांगितले. त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था करते, त्यामुळे ते ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. मात्र ‘बँक डॉट इन’ ही अक्षरे पत्त्याच्या अगदी शेवटी असली पाहिजेत. त्यांच्यापुढे आणखी एक ठिपका आणि ‘अमुक डॉट कॉम’ असे असेल, तर तो पत्ता त्या अमुकाचा आहे, बँकेचा नव्हे. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब पत्त्याचे शेपूट अनेकदा दिसतच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पण वाचकाला इतके बारकाईने पाहू द्यायचे नाही, हाच तर या पत्रांचा हेतू असतो. ‘आज रात्री आपले खाते गोठवले जाईल’, ‘आयकराचा परतावा मंजूर झाला आहे, त्वरित तपशील भरा’: एकात धाक आहे, दुसऱ्यात आमिष, आणि घाई दोन्हींत आहे. घाईत शिकलेला माणूसही चुकतो. म्हणून पत्राची परीक्षा करण्यापेक्षा एक नियम पाळणे अधिक सुरक्षित होय: पत्राने दाखवलेल्या वाटेने जाऊ नये. त्यातील दुव्यावर बोट ठेवू नये, त्यातील क्रमांकावर फोन करू नये. बँकेचा पत्ता स्वतः टंकित करावा, किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर विचारावे. मजकूर खरा असेल, तर तो तेथेही कळेल. ओटीपी आणि पिन तर कोणालाच सांगू नये. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना. पैसे मिळण्यासाठी तो लागत नाही.

कायद्याने या प्रकाराची दखल घेतलेली आहे. नॅसकॉमच्या नावाने पाठवलेल्या बनावट ई-मेलच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली, स्वतंत्र कायदा नसतानाही, फिशिंग हे अवैध कृत्य मानले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-ड आले. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास त्यानुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तथापि आरोपीला शिक्षा झाली म्हणजे गेलेले पैसे परत येतातच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने गुप्त तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे झालेले नुकसान, तो बँकेला कळवीपर्यंत त्याचेच; कळवल्यानंतरचे नुकसान मात्र बँकेचे. म्हणजे येथे मिनिटांना मोल आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात पळत असतात; ते वाटेत अडवता येतात, पण वेळेवर कळले तरच. त्यासाठी बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

आणि नेमका हा वेळ संकोचात जातो. निवृत्तीचा पैसा गमावलेला मनुष्य ‘घरचे काय म्हणतील’ या विचाराने रात्रभर गप्प राहतो, आणि तेवढ्यात उरलेली रक्कमही जाते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे की, असे काही घडले तर प्रथम आम्हाला उठवा, कोणीही बोल लावणार नाही. हे आश्वासन खरे करून दाखवणे मात्र घरातल्या इतरांच्या हाती आहे.