कोड वाचण्याआधी फोल्डर वाचा



इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. पायथनचा प्रोजेक्ट मांडायचा कसा? फोल्डर कोणते करायचे? प्रश्न विचारेपर्यंत त्यांनी नेटवरून एखादा तयार साचा उतरवूनही घेतलेला असतो. त्यात दहा-बारा फोल्डर, निम्मे रिकामे, आणि कुठेतरी कोपऱ्यात त्यांच्या स्वतःच्या दोनशे ओळी. हे पाहून मला वाईट वाटतं. उत्तम प्रोग्रामरांनी लिहिलेल्या छोट्या ओपन सोर्स लायब्ररी कोणालाही फुकट उघडून पाहता येतात, आणि त्या सोडून आपण साचे गोळा करतो. आज अशा पाच लायब्ररी शेजारी शेजारी ठेवून पाहू. माझं म्हणणं एवढंच आहे, की प्रत्येक मांडणी ही कुठल्या तरी अडचणीवर काढलेली वाट असते. ती अडचण आपली आहे का, हे तपासल्याशिवाय मांडणी उचलू नये.

पहिली बॉटल. मार्सेल हेलकांप यांची ही वेब फ्रेमवर्क 2009 सालची. तिचा सगळा कोड एका फाईलमध्ये आहे. पत्ता वाचून योग्य फंक्शन गाठणं, टेम्प्लेट, कुकी, चाचणीपुरता सर्व्हर, सगळं त्यातच. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीपलीकडे तिला काही लागत नाही. ती फाईल आज चार हजार ओळींच्या पुढे गेली आहे. वर्गात अशी फाईल दाखवली तर पहिली सूचना येईल ती तुकडे करण्याची. पण विचार करा, ज्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची परवानगीच नाही, तिथे काय करणार? बॉटलची एक फाईल कॉपी केली की काम सुरू. तुकडे केले तर हाच गुण जाईल. ही एक फाईल हेच त्या लायब्ररीचं वचन आहे, आणि ते आजवर पाळलं गेलं आहे.

फ्लास्कची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाकर यांनी 1 एप्रिल 2010 रोजी ‘डिनाइड’ नावाची एक खोटी फ्रेमवर्क जाहीर केली. एका फाईलच्या फ्रेमवर्कची तेव्हा लाट होती, तिची ती थट्टा होती. रोनाकर यांच्याच वर्कझोइग आणि जिंजा या दोन लायब्ररी त्यांनी एका फाईलमध्ये कोंबून दिल्या होत्या. लोकांना मात्र ती कल्पना खरोखरच आवडली, आणि त्याच महिन्यात फ्लास्क आली. सुरुवातीला तीही एका फाईलचीच होती, पण तिने वर्कझोइग आणि जिंजा पोटात न घेता उघडपणे बाहेरून मागवल्या. फरक इथे पडला. एका फाईलच्या मर्यादेत राहण्याचं कारणच उरलं नाही, आणि फ्लास्क वाढली तशी तिची मांडणीही वाढली. आज तिच्यात सेशन, टेम्प्लेट, सिग्नल, कमांड लाइन यांच्या वेगळ्या फायली आहेत. 2023 पासून ‘सॅन्सआयओ’ नावाचा एक फोल्डरही आहे. प्रत्यक्ष देवाणघेवाणीशी संबंध नसलेला भाग त्यात बाजूला काढला, कारण क्वार्ट या असिंक फ्रेमवर्कला तोच भाग वापरता यावा. फोल्डर वाढला तो दुसऱ्या प्रोजेक्टची गरज दिसल्यावर, आधी नाही.

सिक्सबद्दल थोडक्यात सांगतो. पायथन 2 आणि 3 या दोन्हींवर एकच कोड चालावा म्हणून बेंजामिन पीटरसन यांनी ती लिहिली. तीही एक फाईल, आणि ती दुसऱ्यांनी उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये ठेवावी अशीच तिची घडण. जँगोने तिची प्रत कित्येक वर्षं स्वतःच्या पोटात बाळगली, 3.0 या आवृत्तीत काढून टाकली.

आता ज्या मांडणीवरून सगळ्यात जास्त वाद होतो तिच्याकडे येतो. कोड थेट मुख्य फोल्डरात ठेवायचा, की एसआरसी नावाच्या आतल्या फोल्डरात? बहुतेकांना हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. तसा तो नाही. आपण टेस्ट ज्या फोल्डरातून चालवतो, तो फोल्डर पायथनच्या शोधाच्या यादीत बहुधा पहिला असतो. कोड तिथेच असेल तर टेस्ट त्या समोरच्या कोडवर चालते, लोकांच्या मशीनवर जे पॅकेज पोचणार आहे त्यावर नाही. समजा पॅकेज बांधताना एखादी टेम्प्लेटची फाईल आत घ्यायची राहिली. तुमच्याकडे ती फाईल समोरच पडलेली आहे, त्यामुळे सगळ्या टेस्ट हिरव्या. तुम्ही निर्धास्तपणे आवृत्ती प्रसिद्ध करता, आणि ज्याने ती इन्स्टॉल केली त्याचा प्रोग्राम पहिल्याच झटक्यात कोसळतो. कोड एसआरसीच्या आत असेल तर पायथनला तो आपोआप सापडत नाही. आधी पॅकेज बांधून इन्स्टॉल करावं लागतं, मग टेस्ट. म्हणजे जे लोकांना मिळणार तेच तपासलं जातं. एक जादा फोल्डर एवढी किंमत त्यासाठी मला तरी फार वाटत नाही. पण तुमचा कोड कधीच पॅकेज होऊन बाहेर जाणार नसेल, तर या फोल्डराची गरज नाही.

हिनेक श्लावाक यांची अ‍ॅटर्स ही लायब्ररी या मांडणीचा आग्रह धरणाऱ्यांत अग्रभागी. 2015 साली आलेल्या या लायब्ररीतूनच पायथन 3.7 मधल्या डेटाक्लासची प्रेरणा मिळाली. तिचा एसआरसी फोल्डर उघडला की आत दोन फोल्डर दिसतात, ‘अ‍ॅटर’ आणि ‘अ‍ॅटर्स’. नवख्याला वाटेल, काहीतरी चुकून राहिलंय. तसं नाही. जुने लोक ‘अ‍ॅटर’ इम्पोर्ट करत आले आहेत. 2021 च्या अखेरीस नवं नाव आलं, तेव्हा जुनं पाडलं नाही. नव्या फोल्डरातल्या फायली बहुतांशी जुन्यातल्याच वस्तू पुढे करतात. शिवाय ‘अ‍ॅटर’मध्ये व्हॅलिडेटर्स, कन्व्हर्टर्स या फायलींची नावं साधी आहेत, तर मेक, कॉम्पॅट, फंक्स यांच्या आधी अंडरस्कोर आहे. वाड्याच्या ओसरीपर्यंत कोणीही यावं, माजघरात घरच्यांनीच जावं, तसा हा संकेत आहे. अंडरस्कोर असलेली फाईल लेखक उद्या न विचारता बदलू शकतो. पायथन तुम्हाला अडवत नाही, पण तक्रारीचा हक्क तुमचा राहत नाही.

शेवटची टॉमली, माझी सगळ्यात आवडती. पूर्वी पायथनच्या पॅकेजची माहिती सेटअप नावाच्या फाईलमध्ये असे आणि ती फाईल म्हणजे प्रोग्रामच असे. एखाद्या पॅकेजला काय काय लागतं हे कळण्यासाठी परक्याचा कोड चालवावा लागे. 2016 च्या पेप 518 या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावाने पायप्रोजेक्ट ही साधी, टॉमल भाषेतली फाईल आणली. पण पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत टॉमल वाचायची सोयच नव्हती. टानेली हुक्किनेन यांची टॉमलीने ही उणीव भरून काढली. तिच्यात मोजून चार पायथन फायली आहेत. पार्सर, रेग्युलर एक्स्प्रेशन आणि टाइप्स या तिघींच्या आधी अंडरस्कोर आहे, आणि चौथी इनिट. तीच काय ती बाहेरच्यांसाठी. त्या इनिटमध्ये तीन नावं जाहीर केली आहेत, वाचण्याची दोन फंक्शनं आणि चूक कळवणारा एक एक्सेप्शन. तिच्या आधीच्या आवृत्त्यांत पुढे एक ओळ होती, जी त्या एक्सेप्शनला सांगत असे की तुझा जन्म पार्सरमध्ये नाही, इथे झाला असं समज. म्हणजे वापरणाऱ्याच्या पडद्यावर चूक उमटली तरी एक्सेप्शनच्या नावात आतल्या फाईलचं नाव दिसू नये. इतकी काळजी! ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या पायथन 3.11 मध्ये ही लायब्ररी ‘टॉमलिब’ नावाने थेट भाषेतच सामावली गेली. टॉमल लिहिण्याची सोय तिच्यात नाही. ती मुद्दामच घेतलेली नाही, आणि मला हा निर्णय पूर्ण पटतो.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या मशीनवर पायथन 3.11 किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर टॉमलिब तिच्याबरोबर आलेलीच आहे. नवा साचा उतरवण्याआधी तो फोल्डर उघडा, इनिट वाचा, मग पार्सर वाचा. सातशे-आठशे ओळींचा कोड आहे, एका रविवारात वाचून होतो.