आधी लेकराला बोलू द्या

लातूर म्हटलं की लोकांना दहावी-बारावीचा 'लातूर पॅटर्न' आठवतो. मी मात्र आज पहिली-दुसरीच्या लेकरांविषयी बोलणार आहे. त्यांना गाईड नको, चित्रांची पुस्तकं पाहिजेत.

आपल्या नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडच्या बंजारा तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. देगलूरकडं तेलुगू कानावर असते, तिकडं लातूर जिल्ह्यात उदगीरकडं कन्नड. शाळेत पाऊल टाकलं की पुढ्यात पुस्तकी मराठी. लेकरू गप्प बसतं, अन् आपण म्हणतो, कच्चं आहे.

माझ्या वर्गात अशीच एक पोरगी होती. आईबाप ऊसतोडीला जायचे, तीही फडावर जायची, गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायची. तोंडातून शब्द नाही. एकदा चित्रांचं पुस्तक उघडून मी नेहमीसारखं विचारलं, "सांगा, काय काय दिसतंय?" झाड, गाय, सूर्य, अशी हजेरी लागली. ही तर परीक्षाच झाली की! चूक माझी. दुसऱ्या दिवशी पुस्तक नुसतं तिच्यापुढं ठेवलं अन् गप्प बसलो. गप्प बसणं मास्तराला किती जड जातं, ते मास्तरालाच ठाऊक.

बऱ्याच वेळानं तिनं डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईवर बोट ठेवलं. "याडी," म्हणाली. याडी म्हणजे आई. मग थोडं मराठी, थोडं गोरमाटी करत तिनं सांगितलं, चित्र चुकलंय. मोळी घेतलेली बाई अशी समोर बघत नाही. फळीवरून ट्रकात चढायचं असतं, नजर पायाखाली लागते. छापील पुस्तकाची चूक काढली की पोरीनं! जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं तिची याडी काढली. ती सांगेल तसं मी खाली लिहिलं, गोरमाटीतच. तिनं वाचलेलं पहिलं वाक्य ते.

चित्रांतून भाषा शिकवायची ही युक्ती जुनीच. कोमेनियस नावाच्या युरोपातल्या शिक्षणतज्ज्ञानं १६५८ साली लेकरांना लॅटिन शिकवायला सचित्र पुस्तक काढलं होतं. मराठीत माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्या. मजकूर त्यांचा, चित्रंही त्यांचीच. राधाच्या घरातली माणसं भेटली की पोरं आपापल्या घरातली माणसं सांगायला लागतात. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर २०१५ पासून पुस्तकं फुकट आहेत, अन् आपल्या बोलीत भाषांतर करायचीही मुभा आहे.

अडचण पुस्तकांची कमी अन् कुलपाची जास्त आहे. पान फाटलं तर स्टॉक रजिस्टरला काय दाखवायचं, या धास्तीनं कितीतरी पुस्तकं कपाटातच राहतात. गुरुजी, बाई, उद्या कपाट उघडा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावता येते. पुस्तक लेकराच्या हातात द्या, अन् पाच मिनिटं काही विचारू नका.