वर्गातील सायबर सुरक्षा: भीती नको, ज्ञान हवे
(शिक्षक कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



सायबर सुरक्षेचा विषय शाळेत बहुधा एका तासात उरकला जातो. कोणी पाहुणा येतो, ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असे बजावतो आणि निघून जातो. विद्यार्थ्यांच्या पदरी ज्ञान पडत नाही, भीती पडते. जिच्या छायाचित्रात फेरफार करून कोणी तिला धमकावीत आहे, ती मुलगी घरी तोंड उघडत नाही. कारण बोलताच तिचा फोन काढून घेतला जाईल आणि कदाचित शाळाही सुटेल, हे ती जाणून असते. गुन्हेगाराचे खरे भांडवल हे मौन आहे. पुरावा पुसून न टाकता जपावा, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत, आणि दोष तिचा नाही, हे तिला वर्गातच सांगितले पाहिजे.

फसवणुकीची यंत्रणा उलगडून दाखविणे अवघड नाही. ठग कुलूप फोडीत नाही. घाई आणि धाक दाखवून तो आपल्याच हातून किल्ली घेतो. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, मिळण्यासाठी नव्हे. हे फळ्यावर लिहा आणि पाचसहा प्रसंग मुलांकडून तपासून घ्या. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार भारतीय कायद्यात नाही, हे शिकलेले मूल घरी आजोबांनाही वाचविते.

केरळचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. तेथे २००१ साली ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. एका कंपनीचे उत्पादन शिकविणे म्हणजे संगणक शिकविणे नव्हे, हा आग्रह तेथील शिक्षक चळवळीने धरला आणि पुढे शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आले. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ मंडळे दोन हजारांवर शाळांत उभी राहिली. २०२२ मध्ये याच मुलांनी मातांना सायबर सुरक्षेचे धडे दिले. २०२४ मध्ये सातवीच्या पाठ्यपुस्तकात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. चेहऱ्यावरील भाव ओळखणारा प्रोग्राम मुले स्वतः तयार करतात. यंत्र चुकते कोठे, हेही मग त्यांना उमगते.

सावधगिरीची सारी जबाबदारी मात्र मुलांवर ढकलता येणार नाही. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचाकडील दहा लाखांहून अधिक शिक्षकांची व सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडली होती, हे जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोणा मुलाने पासवर्ड वाटला नव्हता! शाळा एखादे अ‍ॅप सक्तीचे करते, तेव्हा माहिती कोठे साठते, हे विचारण्याचा हक्क पालकसभेला आहे.

सरकारी आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांतच चालू संगणक होते, इंटरनेट ५३.९ टक्के शाळांत. संगणक येईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. चार अंकी पिनच्या १०,००० शक्यता आणि सहा अंकीच्या दहा लाख, हे गणिताच्या तासाला खडूनेही शिकविता येते. साहित्य मात्र मराठीत हवे, आणि ते बेळगाव, बडोदे, इंदूर येथील मराठी मुलांपर्यंतही जावे.

शेवटी, हे काम शिक्षकाच्या डोक्यावर बिनमोल ओझे म्हणून येऊ नये. प्रशिक्षणाचे दिवस ड्यूटीत धरावेत, ही मागणी उद्याच्या ठरावात घालावी, अशी माझी सूचना आहे.