फ्रेंच भाषेतली माया



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मुलगी घरी मोठ्याने फ्रेंच घोकते, ती अर्थ सांगते, त्यातल्या चार गोष्टी आपल्यापुढे ठेवते.

'झ तेम' म्हणजे 'माझे तुझ्यावर प्रेम आहे'. त्याला 'ब्यँ', म्हणजे 'चांगले', हा शब्द जोडला तर प्रेम वाढेल असे आपल्याला वाटेल. पण ते उलट कमी होते! 'तू मला बरा वाटतोस' एवढाच अर्थ उरतो. 'पुष्कळ' जोडले तरी तीच गत. खऱ्या मायेला वरून तूप वाढावे लागत नाही, हेच खरे.

लाडाची नावे तर ऐकण्यासारखी. आई लेकीला 'माझी पिसू' म्हणते. कुणी आवडत्या माणसाला 'माझा कोबी' म्हणते! हसू नका, आपणही लेकराला लाडाने 'माकडा' म्हणतोच की.

मला सर्वांत भावले ते दूर गेलेल्या माणसासाठीचे वाक्य. आपण म्हणतो, 'तुझी आठवण येते.' ते म्हणतात, 'त्यू म मांक', म्हणजे शब्दशः 'तू मला उणी आहेस'. लेक सासरी गेल्यावर भरल्या घरात आईला वाटते ते हेच. फोनवर मात्र आपण 'जेवलीस का?' एवढेच विचारतो. त्यातही माया आहे. पण एखादे वेळी ती उघड बोलावी. शब्द एकच पुरतो; फक्त ऐकणारे माणूस आहे तोवर बोलावा.