शेवटच्या बाकावरील मूल



आम्ही मॅट्रिक झालेले, सेवानिवृत्त मास्तर. विद्वत्तेचा आव न आणता एक कबुलीच देतो.

छावणीत आम्ही शिकवीत असता आमच्या वर्गात ज्ञातीतीलच एक मुलगा होता. खोलीस वर पत्रे, भिंती उघड्या, खिडकी रस्त्यावर. गुरुवारी बाजाराचा कोलाहल थेट आत येई. मुलगा खिडकीपाशी शेवटच्या बाकावर बसे. आम्ही त्यास मठ्ठ म्हणत असू. शुक्रवारी जवळ जाऊन विचारले, की हाच मुलगा गणिताचे उत्तर बिनचूक देई. हा फरक ध्यानी यावयास आम्हांस दीड वर्ष लागले! तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येते असे निघाले.

कानास यंत्र बसले व सर्वांस हायसे वाटले. परंतु यंत्र मास्तरांचा आवाज वाढविते तसा बाजाराचाही वाढविते. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले, की आवाज सहा डेसिबलने उतरतो. बंद खोलीत त्यात भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीची भर पडून शब्द पुसट होतात. गोंगाटापेक्षा शिक्षकाचा आवाज पंधरा डेसिबल तरी वर असावा, असे जाणकार सांगतात. आम्ही मुलास पुढे, खिडकीपासून दूर बसविले, जमिनीवर सतरंज्या अंथरल्या आणि फळ्याकडे तोंड करून बोलण्याची आपली जुनी खोड मोडली. मूल ओठही वाचीत असते, हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते.

पुढे नातलग म्हणाले, यास मूकबधिर शाळेत घाला. ती शाळा कमी प्रतीची मुळीच नव्हे. कित्येक मुलांस खुणांची भाषा तेथेच लाभते. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळची शाळा अथवा विशेष शाळा, यांपैकी हवी ती निवडून विनामूल्य शिकता येते. मात्र खोली न पाहता निवड करू नये. आणि मुलीच्या लग्नास बाध येईल म्हणून तपासणीच टाळणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. त्यांस काय म्हणावे?

आपल्या सभागृहातील रविवारच्या अभ्यासवर्गातही आवाज असाच घुमतो. कार्यकारिणीने चार जाड पडदे व सतरंज्या मंजूर कराव्यात, एवढीच आमची विनंती. पहिल्या सतरंजीचे पैसे आम्ही कोषाध्यक्षांकडे दिले आहेत.