स्टेअरिंगला पॉलिश करताना

आमच्या बचत गटात आम्ही अकराजणी आहोत आणि लाकडाला पॉलिश करणं हा आमचा धंदा. देव्हारे, पाट, चौरंग, लग्नसराईत घरोघरची दारं. गेल्या दिवाळीआधी शेजारच्या गावातल्या वाड्यावरून एक काका आले आणि गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी आमच्या ओट्यावर ठेवलं. उघडलं तर गाडीचं स्टेअरिंग. लोखंडाचे चार आरे आणि बाहेरून लाकडाचं गोल कडं.

काकांच्या आजोबांची ती फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी. ही गाडी अमेरिकेत १९०८ पासून १९२७ पर्यंत तयार होत होती आणि दीड कोटीच्या आसपास गाड्या निघाल्या. सुरुवातीच्या गाड्यांच्या स्टेअरिंगला कडं लाकडाचं असायचं, खालून स्क्रूनं आऱ्यांना जखडलेलं. तुळशीच्या लग्नानंतर काकांच्या नातीचं लग्न होतं, वरात त्याच गाडीतून काढायची होती. काका म्हणाले, “लाकूड दिसू दे, आणि चकाचक करून द्या, आठ दिवसांत.” आम्ही बघितलं न बघितलं आणि सातशे रुपये सांगून मोकळ्या झालो. आरामखुर्चीचा हात असतो तेवढंच लाकूड, त्याला काय लागतंय असं वाटलं.

कड्यावर रंगाचे चार-पाच थर होते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, ते धुळीतून पोटात जातं आणि लहान मुलांना, गरोदर बाईला फार वाईट. आमच्यातल्या एका सुनेला पाचवा महिना होता, तिला आम्ही त्या दिवसांत हिशेबाच्या वहीवर बसवलं. ती रुसली, पण बसली. बाकीच्यांनी तोंडाला मास्क लावले, रंग कोरडा न घासता पाणी लावून घासला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि सगळा गाळ पिशवीत बांधला. अंगणात झाडून टाकला असता तर कोंबड्यांनी टिपला असता. शेवटचा थर काचेच्या तुकड्यानं हलक्या हातानं खरवडला. काचेची धार लाकडाचा अगदी पातळ पापुद्रा काढते, पॉलिश पेपरसारखे ओरखडे उठत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका जागी काच अडकली. तिथं लाकूड नव्हतं, लांबी भरलेली होती. ती टोकरली तर खाली भेग. बैलगाडीच्या चाकाला जसे पुठ्ठे जोडून गोल करतात, तसं हे कडंही तुकडे जोडून केलेलं होतं, आणि त्यातला एक जोड सुटला होता. अंगठ्यानं दाबलं की हलायचा. कोणीतरी कधीतरी तो लांबीनं झाकून वरून रंग मारून दिला होता.

आता आमच्यात वाद लागला. खोटं कशाला बोला, निम्म्याजणींचं म्हणणं होतं की आपल्याला पॉलिश सांगितलंय, जोड आपला नाही. परत लांबी भरा, वर हात फिरवा, कुणाला दिसणार नाही. सातशे रुपयांत आणखी किती करायचं? त्यांचं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. गटाचा हप्ता तोंडावर होता.

आमच्यातल्या एक वहिनी घरचा ट्रॅक्टर चालवतात. त्या म्हणाल्या, “खड्ड्यात चाक आपटलं की झटका कुठं येतो, हातात. आणि वळणावर हे कडं हातात सुटून आलं तर?” मग त्यांनी गाडीचं काम बघणाऱ्या मिस्त्रीदादांना फोन लावला. त्यांनी सांगितलेलं ऐकून आम्ही गप्पच झालो. या गाडीला पायाजवळ अॅक्सिलरेटर नसतो. तो स्टेअरिंगखालच्या दांडीला, हातानं चालवायचा. म्हणजे उजवा हात सारखा दांडीकडे जाणार आणि स्टेअरिंग पुष्कळदा एकट्या डाव्या हातात राहणार. रस्त्याचे हिसकेही या गाडीत थेट हातापर्यंत येतात. वरातीत रस्त्याच्या कडेनं पोरंबाळं असणार.

संध्याकाळी दोघीजणी वाड्यावर गेलो. काकांना आवडलं नाही. “आजवर चाललीच ना गाडी? पॉलिशवाल्यांनी पॉलिश करावं,” असं म्हणाले. आम्ही भांडलो नाही. स्टेअरिंग त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, तुम्ही अंगठा ठेवून बघा. त्यांनी बघितलं, दोनदा बघितलं. मग म्हणाले, सुताराला दाखवा.

सुतारदादांनी जोड पूर्ण उकलला. आत जुन्या सरसाची खपली होती, ती सगळी खरवडून काढावी लागली, कारण जुन्या डिंकावर नवा धरत नाही. जोडाशेजारचं लाकूड भुसभुशीत झालेलं, ते कापून तिथं नवा तुकडा घातला, दोन्हीकडून लांब तिरकस काप देऊन. सरळ कापापेक्षा तिरकस कापात डिंकाला जागा जास्त मिळते. चिकटवायला दोन ट्यूब मिसळून करतात ते इपॉक्सी वापरलं. साधा पांढरा गोंद ऊन आणि ओल लागली की नरम पडतो, आणि ही गाडी उन्हात उभी राहणार.

गोल वस्तूला शिकंजा नीट बसत नाही. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली आणि जोडावर ताणून-ताणून गुंडाळली, पायाला मलमपट्टी करावी तशी. खाली दुधाच्या पिशवीचा कागद, म्हणजे इपॉक्सी रबराला चिकटत नाही. एक रात्र आणि एक दिवस हात लावायचा नाही असं ठरलं. तरी कोणीतरी सकाळी हळूच पट्टी उचलून बघितलीच.

मग राहिलं पॉलिश, आमचं हक्काचं काम. आम्हाला लाखेचं पॉलिश आवडतं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या लाखेच्या किड्यापासून ते येतं, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीतही लाख होते. रंग असा खुलतो की बघत राहावं. पण आधी एका तुकड्याला लावून तो दुपारभर घराच्या पत्र्यावर ठेवला. संध्याकाळी बोट दाबलं तर ठसा उमटला. उन्हात आणि हाताच्या घामात ते टिकणार नव्हतं. शेवटी पीयूचे पातळ चार हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर बारीक पेपर फिरवून. नव्या तुकड्याचा रंग थोडा फिका राहिला. काकांनी विचारलं, हा डाग का? डाग नाही, जोड आहे, आम्ही म्हणालो, आणि तो दिसतोय तेच बरं.

मिस्त्रीदादांनी कडं आऱ्यांवर नवे स्क्रू घालून बसवलं, गाडी आधी मोकळ्या वावरात हळू फिरवली आणि मगच रस्त्यावर काढली. लग्नाला आम्ही सगळ्या गेलो होतो. काका पाहुण्यांना सांगत होते, स्टेअरिंग आमच्या सुतारानं केलं. सुतारदादाही गप्प राहिले. आम्हाला लागलं ते लागलंच. एक सांगतो, शेवटच्या हाताआधी कड्याच्या खालच्या बाजूला, आऱ्याशेजारी, मावशींनी पेन्सिलनं गटाचं नाव आणि तारीख लिहिली होती. ती पीयूखाली आहे.

पैशाचं सांगायचं राहिलं. हिशेबाच्या वहीवर बसवलेल्या सुनेनं सगळ्यांचे तास लिहिले होते, एकेचाळीस भरले. सामान ६४० रुपयांचं. सातशेच घेतले असते तर अकराजणींत साठ रुपये उरले असते. ती वही घेऊन आम्ही काकांकडे गेलो, सुताराचे वेगळे धरून ३,२०० मागितले. त्यांनी कुरकुर केली, वही दोनदा चाळली, आणि दिले. सामान वजा जाता तासाला बासष्ट रुपये पडले, आमच्याकडच्या खुरपणीपेक्षा थोडे बरे. त्या दिवसापासून आमच्या वहीत भावाचे दोन रकाने आहेत, एक खरवडण्याआधीचा, एक खरवडल्यानंतरचा, आणि दुसरा भरल्याशिवाय आम्ही कुणाला आकडा सांगत नाही. परवा एकजण जुना झोपाळा घेऊन आले होते, त्यांना हे सांगितलं तर परत घेऊन गेले. काल पुन्हा आणून ठेवलाय.