परसातील भाजी आणि हवेचा हिशेब



पगारवाढीच्या मागण्या लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने मेथी-कोथिंबिरीवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु वाटाघाटीला बसणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर ताळेबंद आला की नफ्याचा मोठा आकडा सोडून तो खालची बारीक टीप आधी वाचतो. घरी भाजी लावा आणि पृथ्वीचे तापणे थांबवा, असे आजकाल जिकडेतिकडे सांगितले जाते. या ताळेबंदाची टीप आपण वाचून पाहू.

पहिली रक्कम अशी मांडतात, की झाड हवेतला कार्बन शोषून घेते. खरे आहे. पण कुंडीतला पालक महिन्या-दीड महिन्यात आपल्या ताटात येतो, आणि त्याने घेतलेला कार्बन आपल्याच श्वासावाटे हवेत परत जातो. ही उसनवारी झाली. शिल्लक काही पडली नाही. दुसरी रक्कम वाहतुकीची. भाजी ट्रकातून येते, डिझेल जळते, हेही खरे. परंतु नाशिकहून निघालेला ट्रक एका खेपेत काही टन माल आणतो. ते डिझेल जुडी-जुडीवर वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला फार थोडे येते. उलट एक कुंडी आणि किलोभर खत आणावयास आपण स्कूटरवरून रोपवाटिकेत दोन हेलपाटे घातले, तर त्या वर्षाची सारी कोथिंबीर तोट्यात गेली म्हणून समजा!

ही माझी थट्टा नव्हे. २०२४ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोप व अमेरिकेतील शहरांमधल्या ७३ बागा आणि शेते त्यांनी तपासली. तेथे पिकलेल्या अन्नामागे हवेत जाणारा कार्बन नेहमीच्या शेतीच्या मानाने सरासरी सुमारे सहा पट निघाला. दोष मुख्यतः सरंजामाचा होता: वाफ्यांच्या चौकटी, पायवाटा, छपऱ्या. थाट मोठा, पीक थोडे, आणि दोन-चार वर्षांत थाट मोडीत. जेथे टाकाऊ सामान वापरले आणि ते पुष्कळ वर्षे टिकविले, तेथे हिशेब सुधारला. आमच्या चाळीच्या गॅलरीत गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात पुदिना लावणाऱ्या बायकांना हे कोणी शिकविले नव्हते.

मग या उद्योगात जमेला काहीच नाही काय? आहे, आणि ते भाजीत नसून भाजीच्या देठांत आहे. हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे.

साली, देठ, उरलेले अन्न मोकळ्या हवेत कुजले तर त्यातून मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो, तो परत जातो. पण तोच ओला कचरा डेपोवर ढिगाखाली दडपला गेला, हवा कोंडली, की निराळे जंतू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात वजनास वजन मिथेन हा कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. डेपो पेटतात तेही बरेचसे याच वायूमुळे. मुंबईचे देवनार १९२७ पासूनचे. २०१६ च्या जानेवारीत तेथे आग लागली तेव्हा धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला.

आणि हा ढीग कोणाच्या दारात असतो? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत गेला. विहिरी नासल्या म्हणून तेथील ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या, एकदा नव्हे, अनेकदा. मला तो संपच वाटतो. शहराने केलेल्या घाणीची पाळी आपण का भरावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. याच पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, आणि २००८ पासून त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलते. तुमच्या आमटीत भिजलेली पिशवी ज्या बाईला हाताने निवडावी लागते, तिच्या कामाच्या अटी तुमच्या स्वयंपाकघरात ठरतात. ओला-सुका वेगळा करण्याचा नियम २०१६ पासून लेखी आहे. कामगार कायद्यांचे काय होते ते मी पाहिलेले असल्याने लेखी असण्याचे कौतुक मी करीत नाही.

खत करणे अवघड नाही. जुन्या बादलीला खाली व बाजूंनी भोके पाडावी. ओल्या कचऱ्याच्या थरावर त्याच्या दुपटीने वाळका पाला घालावा, आठवड्यातून दोनदा वरखाली करावे. वास आला तर हवा कोंडली, पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. मग माठ, अंबाडी, चवळी लावा. पत्र्याचे घर असेल तर वर घोसाळ्याचा वेल चढवा, दुपारी पत्रा कमी तापेल. युरियाही लागणार नाही. तो कारखान्यात बहुधा नैसर्गिक वायूपासून होतो, आणि मातीत पडल्यावर त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. तो तर मिथेनहूनही कित्येक पट उष्णता धरतो.

एक बाब मात्र तुमच्या घरच्या बैठकीत ठेवा. ही बादली ढवळणार कोण? नोकरी करून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या माथी हे तिसरे काम पडणार असेल, तर तो जादा काम आणि भत्ता शून्य असा प्रकार होईल. ढवळणे, पाणी घालणे पुरुषांनी घ्यावे. वाळका पाला हवाच असतो. तुमच्या सोसायटीत तो रोज सकाळी झाडून कोपऱ्यात पेटविला जातो. उद्या माळ्याला सांगा, एक पोते भरून ठेव, मी येऊन नेतो.